कॉलेज फुटबॉलचं सीझन तिकीट माणसं वर्षानुवर्षं का घेतात?

हुरॉनकाठ
नमस्कार मंडळी. मी अ‍ॅन आर्बरला राहतो. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल) संघाची दोन सीझन तिकिटं गेली चौदा वर्षं आमच्या घरात आहेत. रिन्युअलची मुदत जवळ आली आहे आणि या वेळी पैसे भरण्याआधी एक प्रश्न मनात घर करून बसलाय. तो इथे मांडतो, कारण अमेरिकेत वेगवेगळ्या गावी राहणारे बरेच जण इथे आहेत.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या सीटवरचे आजोबा गेले. गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जागा त्यांच्या वडिलांनी घेतलेली. आमच्या स्टेडियममध्ये बहुतेक ठिकाणी खुर्च्या नाहीत, अ‍ॅल्युमिनियमची लांबच लांब बाकं आहेत. बाकावरचा आकडा हीच आपली जागा, मांडीला मांडी लावून बसायचं. नोव्हेंबरमध्ये पायाखालचं काँक्रीट इतकं गार पडतं की बुटाच्या तळव्यातून गारठा वर चढतो. आजोबा खोक्यांचे पुठ्ठे कापून आणायचे. आजी होत्या तोवर चार तुकडे, दोन त्यांना आणि दोन आम्हाला. आजी गेल्यावरही चारच आणायचे आणि चौथा माझ्या मुलाच्या पायाखाली सरकवायचे. एका कानात रेडिओचा इअरफोन असायचा. पंचांनी काय निर्णय दिला ते आमच्या आख्ख्या रांगेला त्यांच्याकडून कळायचं.

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबांची तिकिटं तिला स्वतःच्या नावावर करून घेता येतील. तिने मला एकच विचारलं, "यंदा तुम्ही असणार ना? तुम्ही असाल तर मी घेते." किंमत, कोच, क्वार्टरबॅक, कुठला संघ घरी येतोय, यातलं काहीच विचारलं नाही.

विद्यापीठं सीझन तिकिटं विकायला एवढा पैसा आणि डोकं लावतात, पण माणूस शेवटी कशावर ठरवतो? मला वाटतं, जिंकण्या-हरण्यावर आपण समजतो तेवढं नाही. २००८ मध्ये मिशिगन १२ पैकी ९ सामने हरलं. त्या सीझनलाही प्रत्येक होम गेमला लाखावर माणूस होता. नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या प्रत्येक होम गेमला एक लाखाच्या वर प्रेक्षक आलेत. अपवाद फक्त २०२० चा, त्या वर्षी कोविडमुळे स्टँडच बंद होते.

तुमच्याकडे काय चित्र आहे?

पर्वतीपायथा
मी पुण्यात असते, या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण कॉलेजच्या टीमला एक लाख प्रेक्षक? आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला खेळाडूंचे मित्र सोडले तर कोणी फिरकत नाही. आणि सीझन तिकीट म्हणजे सवाईचं असतं तसंच का?

हुरॉनकाठ
@पर्वतीपायथा, अगदी तसंच, आणि उपमा फार चपखल आहे. सवाईचं सीझन तिकीट काढणारा पाचही दिवसांचे कलाकार तपासून तिकीट काढत नाही. डिसेंबर आला की काढायचं, एवढंच. भारतीय बैठकीत दर वर्षी त्याच सुमाराला सतरंजी टाकणारी माणसं असतात, ती एकमेकांना ओळखायला लागतात. इथे तेच होतं.

थोडक्यात सांगतो. एका सीझनमध्ये जेमतेम १२ सामने असतात. त्यातले सहा-सात, क्वचित आठ घरच्या मैदानावर, बहुतेक शनिवारी. सीझन तिकीट म्हणजे त्या सगळ्यांसाठी तीच जागा. पुढच्या वर्षी ती जागा आधी तुम्हालाच विचारली जाते. चांगल्या जागांसाठी तिकिटाच्या किमतीवर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला दर वर्षी देणगी द्यावी लागते. आमच्याकडे हे २००५ पासून आहे. आमचं स्टेडियम १,०७,६०१ क्षमतेचं आहे आणि अमेरिकेत त्याहून मोठं दुसरं नाही.

लिंकनवासी
नेब्रास्काचं सांगितल्याशिवाय हा धागा पुढे जायला नको. :)

आमच्या मेमोरियल स्टेडियममध्ये ३ नोव्हेंबर १९६२ पासून एकाही होम गेमचं तिकीट शिल्लक राहिलेलं नाही. त्या दिवशी समोर मिसुरी होतं आणि कोच बॉब डेव्हेनी यांचं ते पहिलंच वर्ष. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ही मालिका ४०० सामन्यांवर पोचली. माझ्या ऑफिसमधल्या निम्म्या लोकांचा जन्मही मालिका सुरू झाल्यानंतरचा आहे.

आता २०१७ ते २०२३ पाहा. सलग सात सीझन संघ एकाही बोल गेमला (सीझननंतर चांगल्या संघांना मिळणाऱ्या मानाच्या जादा सामन्याला) पात्र ठरला नाही. २०२१ मध्ये १२ पैकी ९ सामने हरले. तरी मालिका तुटली नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की २०२१ मध्ये उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेतली आणि ती गरजू मुलांना दिली गेली. काही लोक याला आकडा राखण्यासाठी केलेली धडपड म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा ते लाल स्टेडियम आतून पाहिलं. त्यातली काही वीस वर्षांनी स्वतःची तिकिटं घेतील.

यामागे एक साधं कारण आहे. राज्यात एनएफएलचा, म्हणजे मुख्य व्यावसायिक लीगमधला संघ नाही. शनिवारी पश्चिमेच्या टोकाकडून शेतकरी कुटुंबं पाच-सहा तास गाडी चालवत येतात. इथे तिकिटं मृत्युपत्रात लिहिलेली असतात. माझ्या घरमालकांच्या दोन भावांत शेताची वाटणी एका दुपारी झाली, तिकिटांची मात्र तीन वर्षं चालली होती.

फ्लॅटआयर्नखाली
थोडं वेगळं मत मांडते. तुम्ही दोघं जिथे राहता तिथे पन्नास-साठ वर्षांची पुण्याई आहे. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी काय करायचं?

मी बोल्डरला राहते. २०२२ मध्ये कोलोरॅडो १२ पैकी ११ सामने हरलं. आमच्या गल्लीत तेव्हा कोणी फुकट तिकीट दिलं तरी घेत नव्हतं. डिसेंबरमध्ये एकेकाळचे स्टार खेळाडू डिऑन सँडर्स कोच म्हणून आले. एप्रिलमध्ये स्प्रिंग गेम होता, म्हणजे आपल्याच संघाचे दोन गट करून खेळलेला सरावाचा सामना. त्याला बर्फ पडत असताना ४७ हजारांवर लोक आले! सीझन तिकिटं सगळी विकली गेली, १९९६ नंतर पहिल्यांदाच. लक्षात घ्या, तोवर संघ नव्या कोचच्या हाताखाली एकही खरा सामना खेळला नव्हता.

तिकिटं फेब्रुवारी-मार्चमध्ये विकली जातात, खेळ सप्टेंबरमध्ये. त्यामुळे लोक विकत घेतात ती आशा. त्या सीझनमध्ये शेवटी आम्ही ४ जिंकले आणि ८ हरले. पण नेब्रास्का इथे आलं त्या दिवशी ३६-१४ ने जिंकलो तेव्हा मी स्टँडमध्ये होते आणि तो दिवस मी विसरणार नाही. (लिंकनवासी, माफी असावी!)

लिंकनवासी
माफ केलं. :) मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडेही नवा कोच आला की वेटिंग लिस्टबद्दल विचारणा वाढते.

देशमुखांचा धाकटा
फ्लॅटआयर्न यांच्याशी +१. जुने टिकतात सवयीने, नवे येतात आशेने.

आकडेमोड
मी एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात तिकिटांच्या आकडेवारीचं काम करतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. रोज हेच बघतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१. दुसऱ्या वर्षाचं रिन्युअल सगळ्यात अवघड. पाच वर्षं टिकलेला माणूस सहसा जात नाही, गेला तर बदली, आजारपण किंवा मृत्यूमुळे. पहिल्या वर्षी आशेने आलेला माणूस संघ हरला की पहिला गळतो. म्हणून आमची सगळी मेहनत पहिल्या वर्षाच्या लोकांवर असते. त्यांना फोन करणं, त्यांची जागा थोडी बरी करून देणं, सरावाला बोलावणं.

२. गळती ओळखण्याची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे न वापरलेली तिकिटं. गेटवर तिकीट स्कॅन होतं, त्यामुळे कोण आलं ते कळतं. ऑक्टोबरमध्ये सलग दोन सामन्यांना तिकीट स्कॅनही झालं नाही आणि कोणाला पाठवलंही नाही, तर त्या माणसाला मार्चमध्ये नाही, लगेच फोन करायला हवा. मार्चपर्यंत त्याचं मन बनलेलं असतं. ज्यांनी तिकीट मित्राला किंवा भावाला पाठवलं ते टिकतात, तिकीट घरात फिरतंय याचा अर्थ ते जिवंत आहे.

३. वेळापत्रक. लोकांना वाटतं त्याहून याचं वजन फार जास्त आहे. सीझन तिकीट ही मोळी आहे. त्यात एक-दोन दमदार लाकडं आणि बाकी काटक्या. एकही मोठा सामना घरी नसेल तर मोळी उचलायला कोणी तयार होत नाही.

४. कर. हे भारतातल्या वाचकांना माहीत नसेल. जागेसाठी दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर इथे करात वजावट मिळायची. २०१७ च्या डिसेंबरमध्ये कायदा बदलला आणि २०१८ पासून ती बंद झाली. त्या डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत लोकांनी पुढच्या वर्षांच्या देणग्या आगाऊ भरून टाकल्या, आमच्याकडे रात्री नऊपर्यंत फोन चालू होते. मधल्या, महाग जागांवर परिणाम दिसला तो त्यानंतर.

किमतीबद्दल सांगायचं तर दर थोडा वाढला म्हणून जुना माणूस जागा सोडत नाही. जागा एकदा सुटली की परत मिळत नाही, ही भीती दराहून मोठी असते. पण याचा गैरफायदा घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि मी ते मीटिंगमध्येही बोलतो.

हुरॉनकाठ
@आकडेमोड, शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं उदाहरण आमच्याच गावात घडलंय. तेही लिहितो, कारण ते मी जवळून पाहिलं.

सप्टेंबर २०१३ मध्ये नोत्र दाम इथे खेळायला आलं तेव्हा १,१५,१०९ प्रेक्षक होते. कॉलेज फुटबॉलमधला तो तेव्हाचा विक्रम. एका वर्षात सगळं फिरलं. २०१४ च्या वेळापत्रकात ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट आणि नोत्र दाम या आमच्या तिन्ही मोठ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे सामने बाहेरगावी. विद्यार्थ्यांचं सीझन तिकीट मात्र २९५ डॉलरच्या घरात. त्याआधीच्या वर्षी विद्यार्थ्यांची ठरलेली जागा काढून 'जो आधी येईल तो पुढे बसेल' अशी पद्धत आणली होती, त्याचाही राग होता. विद्यार्थ्यांची तिकीटविक्री १९ हजारांवरून १२ हजारांच्या आसपास आली. सप्टेंबरच्या शेवटी तर कोकच्या दोन बाटल्यांवर मिनेसोटाच्या सामन्याची दोन तिकिटं देण्याची योजना निघाली आणि गवगवा होताच मागे घेतली गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी क्रीडा संचालक डेव्ह ब्रँडन यांनी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये इथले जुने खेळाडू जिम हार्बॉ कोच म्हणून परतले आणि पुढच्या सीझनला विद्यार्थ्यांचं तिकीट १७५ डॉलर झालं.

त्या सगळ्या वर्षातही एकूण प्रेक्षक लाखाखाली गेले नाहीत. पण आमच्या जागेवरून समोरचा विद्यार्थ्यांचा कोपरा दिसतो. त्या सीझनला पहिल्या क्वार्टरला (सामन्याच्या पहिल्या पाव भागात) तिथे अ‍ॅल्युमिनियम चमकत होतं. मी २००६ मध्ये एमएस करायला आलो तेव्हा त्याच कोपऱ्यात उभा राहायचो. १ सप्टेंबर २००७ ला खालच्या गटातल्या अ‍ॅपलाचियन स्टेटकडून ३४-३२ ने हरलो तेव्हा तिथेच होतो. शेवटच्या सेकंदांत आमची फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून गुण मिळवायचा प्रयत्न) अडवली गेली आणि लाखभर माणसं गप्प झाली. ज्याने तो दिवस विद्यार्थी म्हणून पाहिला तो पुढे कधी तिकीट सोडत नाही. माझ्या वर्गातल्या सहा जणांकडे आज सीझन तिकिटं आहेत, सहाही त्या दिवशी त्या कोपऱ्यात होते. अठरा ते बावीस या वयातला रिकामा कोपरा पंधरा-वीस वर्षांनी मुख्य स्टँडमध्ये दिसणार.

हंट्सव्हिलचा काका
विद्यार्थ्यांचा मुद्दा लाखमोलाचा आहे. आमच्या अलाबामात उलटी अडचण होती. संघ इतका जिंकत होता की पोरं हाफटाइमलाच निघून जायची. पन्नास पॉइंटची आघाडी, वर सप्टेंबरचं ऊन, कशाला थांबतील? तेव्हाचे कोच निक सेबन जाहीरपणे यावर बोलायचे. २०१९ मध्ये विद्यापीठाने मोबाइल अ‍ॅप काढलं, चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबलात तर पॉइंट आणि त्यातून मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत प्राधान्य. माझी मुलगी तेव्हा तिथे शिकत होती. ती म्हणाली, "बाबा, पॉइंटसाठी थांबले होते पण सगळे थांबले म्हणून मजा आली."

जिंकणं पुरेसं नसतं हे आम्ही सहा-सहा विजेतेपदांच्या काळात शिकलो.

माईची लेक
सगळ्यांचं वाचलं. आम्ही तिकिटं सोडलेल्यांपैकी. तीही बाजू यायला हवी म्हणून लिहिते.

आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. नवरा, मी, दोन मुलं, चार तिकिटं सहा वर्षं होती. हरणं-जिंकणं हे कारण नव्हतं. पैसे हेही मुख्य कारण नव्हतं, जरी देणगी, पार्किंग आणि खाणं धरून खर्च वाढतच गेला. आम्ही सोडलं ते वेळेमुळे.

सामना दुपारी बाराला की साडेतीनला की संध्याकाळी साडेसातला, हे टीव्हीवाले ठरवतात. बऱ्याच सामन्यांची वेळ फक्त बारा दिवस आधी कळते, कधीकधी सहा दिवस आधी. सप्टेंबरमध्ये मंडळाचा गणपती असतो, तोही शनिवारीच. मुलीचा लेझीमचा सराव, मोदकांची पाळी, हॉलची वेळ, हे सगळं दोन महिने आधी ठरलेलं. सामना बाराचा निघाला तर सकाळी आठला घर सोडायचं, साडेसातचा निघाला तर मुलं मध्यरात्रीनंतर गाडीत झोपलेली. एका वर्षी सातपैकी तीन सामन्यांना आम्ही जाऊ शकलो. उरलेली तिकिटं विकायला काढली तर दुबळ्या संघांविरुद्धची निम्म्या किमतीलाही गेली नाहीत.

घरी मोठ्या टीव्हीवर सामना छान दिसतो हे लोक म्हणतात, ते खरं कारण नाही. आम्हाला जायचं होतं. शनिवार आमच्या हातात राहिला असता तर अजून गेलो असतो.

आकडेमोड
@माईची लेक, तुमच्यासारख्या कुटुंबांना आम्ही फोन करतो तेव्हा हेच ऐकतो. तिकिटं विकणाऱ्यांच्या हातात वेळ नसते आणि वेळ ठरवणाऱ्यांना तिकिटांची चिंता नसते, कारण टीव्हीचा पैसा तिकिटांहून मोठा आहे. काही विद्यापीठांनी आता तीन-चार सामन्यांची छोटी पॅकेजं काढली आहेत. मुलं लहान असेपर्यंत ती घ्या, नातं तुटत नाही.

देशमुखांचा धाकटा
छोट्या पॅकेजपेक्षा सरळ रिसेलवर घ्या ना. हव्या त्या सामन्याचं, हव्या त्या दिवशी. मी तेच करतो. सीझन तिकिटाची गरजच उरलेली नाही.

हंट्सव्हिलचा काका
बाळा, मीही तसाच विचार करायचो. मोठ्या सामन्यासाठी एका रिसेल अ‍ॅपवरून चार तिकिटं घेतली, भारतातून मेहुणे आले होते. गेटवर गेलो तर तिकिटं रद्द झालेली. पैसे परत मिळाले, तीन आठवड्यांनी. पण मेहुण्यांना घेऊन पार्किंगमध्ये उभं राहून आतला आवाज ऐकला, तो आवाज पैशांनी परत येत नाही. त्यानंतर सीझन तिकीट घेतलं.

शिवाय फक्त आत शिरण्याचा प्रश्न नाही. पार्किंगचा पास, बाहेरगावच्या सामन्यांत आणि बोल गेमच्या तिकिटांत प्राधान्य, हे सगळं सीझन तिकिटाला चिकटून येतं. माझ्या ओळखीचे काही जण तिकिटाहून पार्किंगच्या जागेला जास्त जपतात. टेलगेटचा (सामन्याआधी गाड्यांपाशी जमून खाणंपिणं करण्याचा) तंबू तीस वर्षं त्याच झाडाखाली लागतो.

हुरॉनकाठ
काका, अगदी. आमच्याकडे समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या मैदानावर आणि विद्यापीठाच्या गोल्फ कोर्सवर गाड्या लागतात. आमचा टेलगेट गोल्फ कोर्सवर. आता तिथे शेजारचे लोक आमच्या कांदाभजीची वाट बघतात, बाराचा सामना असला तरी.

रॉकी टॉपचा रहिवासी
नॉक्सव्हिलहून लिहितोय. एका गोष्टीची काळजी वाटते. खेळाडूंना आता पैसे मिळतात आणि ते मिळायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण टेनेसी विद्यापीठाने २०२५ च्या तिकिटांवर १० टक्के 'टॅलेंट फी' लावली, शिवाय मूळ दरात सरासरी ४.५ टक्के वाढ. संघ चांगला चाललाय म्हणून लोकांनी भरली. मीही भरली आणि आनंदाने भरली, कारण निदान पैसा कुठे जातोय ते सरळ सांगितलं. पण माझ्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी या वर्षी दोनातलं एक तिकीट सोडलं. पूर्वी त्या नातवाला आणायच्या. त्या जागेवर कोणीतरी येईलच, आकड्यात काही फरक पडणार नाही. नातू मात्र येणार नाही.

फ्लॅटआयर्नखाली
हे वाचून गलबललं. माझ्या आशेच्या मुद्द्याला हे जोडून घेते. आशेने आलेल्या आम्हा लोकांना शेजारी मिळेपर्यंत तिकीट परवडलं पाहिजे. माझ्या शेजारी दर सामन्याला वेगळाच माणूस असतो, कारण ती जागा कोणीतरी विकायलाच घेतली आहे. दोन वर्षं झाली, मला एकाचंही नाव माहीत नाही. हुरॉनकाठ यांचे पुठ्ठेवाले आजोबा वाचले आणि माझ्याकडे काय नाही ते कळलं.

पर्वतीपायथा
खेळ अजूनही कळलेला नाही, पण धागा पूर्ण वाचला. हुरॉनकाठ, मग त्या मुलीने तिकिटं घेतली का?

हुरॉनकाठ
घेतली. काल रात्री आमचे पैसे भरले आणि तिला कळवलं, आज दुपारी तिने भरले. ती तिच्या मुलाला आणणार आहे, नऊ वर्षांचा आहे. आजोबांचा रेडिओ तिच्याकडे आहे, चालतोय. पुठ्ठे मी कापून नेईन म्हणून सांगितलं. गॅरेजमध्ये टीव्हीचं मोठं खोकं ठेवलंय, त्यातून पाच निघतील.